सही घेण्याआधी मजकूर वाचून दाखवा : कर्नाटकच्या कामगार आयुक्तांना खुलं पत्र

मा. कामगार आयुक्त, कर्नाटक राज्य,
तसंच बेळगाव जिल्ह्यातले सर्व कामगार अधिकारी आणि निरीक्षक यांस,

सविनय नमस्कार.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला निवृत्त टर्नर. ऐन उमेदीच्या काळात मला कामावरून काढलं होतं. परत आत जायला लेबर ऑफिस, लेबर कोर्ट, धारवाडचं हायकोर्ट अशी सगळी वाट चालावी लागली. त्या वाटेवर जे शिकलो ते आता इतरांच्या उपयोगी पडतंय. शहापूर, वडगाव, अनगोळ, मच्छे, पिरनवाडी, कधी खानापूरकडच्या खेड्यांतून माणसं कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. मी वकील नाही. कागद वाचून त्यात काय लिहिलंय ते सांगतो, अर्ज लिहून देतो, पुढं कुणाकडं जायचं ते सांगतो.

इतके कागद बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. आमच्या भागातल्या बहुतेक केसी कोर्टात पोचायच्या आधीच हरलेल्या असतात. कारखान्याच्या ऑफिसात, न समजलेल्या कागदावर पहिली सही होते, तिथंच त्या हरतात. ती सही थांबवणं किंवा निदान ती डोळसपणे व्हावी एवढं बघणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

अलीकडचाच एक कागद सांगतो. फाउंड्रीत फेटलिंगला असणारा माणूस, म्हणजे ओतकामातून आलेल्या नगाची धार ग्राइंडरनं मारणारा. 18 वर्षं त्याच कामावर. नाकातोंडात काळी धूळ घेऊन 18 वर्षं काढणं काय असतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. त्यानं मोबाइलवरचा फोटो दाखवला. इंग्रजीत टाइप केलेलं एक पान, तारखेची जागा मोकळी, खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि तिकिटावर आडवी, ठळक, देवनागरीत त्याची सही. प्रत त्याला दिली नव्हती. ऑफिसातल्या कारकुनानं फोटो तेवढा काढू दिला. त्याला सांगितलं होतं की ही पगाराची पावती आहे. "सही कर की, पगार पायजे न्हवं?" एवढंच बोलणं झालं.

मजकूर असा होता, की घरगुती अडचणीमुळं मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे, माझं सगळं येणं मिळालं आहे आणि कंपनीकडं माझा कसलाही हक्क उरलेला नाही.

त्याच्या हातात पडले ते तीस हजारांच्या आत. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये. ग्रॅच्युइटीचा हिशेब महिन्याचे 26 दिवस धरून होतो. 15,600 भागिले 26 म्हणजे दिवसाला 600, त्याचे 15 दिवस म्हणजे वर्षाला 9,000. 18 वर्षांचे झाले 1,62,000. ही नुसती ग्रॅच्युइटी. ती राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं भरलेली असली की झालं. पण त्याला खरं तर कामावरून कमी केलं होतं. मग वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार कपातीची भरपाई म्हणून वेगळा, आणि एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार वेगळा. राजीनाम्याच्या कागदानं हे मागचं दोन्ही एका फटक्यात गेलं. 'स्वखुशीनं' या सहीविरुद्ध आता त्याला सिद्ध करायचंय की खुशी नव्हती, आणि साक्षीला कोण येणार? आत काम करणाऱ्यांतलं कुणी येत नाही. त्यांचीही घरं त्याच गेटवर चालतात.

साहेब, हा सीमाप्रश्नाचा विषय नाही. तसा तो करूही नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या शेजारच्या मशीनवर बैलहोंगलकडचा सोबती होता. शिकलेला, घरी कन्नड पेपर येणारा. इंग्रजी कागद पुढं आला की तो आणि मी सारखेच आंधळे. नोटिशीची भाषा बदलून इंग्रजी केली की कन्नड आणि मराठी दोन्ही कामगार एकाच वेळी बाहेर पडतात, हे मालकांच्या सल्लागारांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून मागणी दोघांसाठी आहे. मराठीचा उल्लेख जास्त येतो कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शॉपफ्लोअरवर मराठी वाचणारे हजारो आहेत आणि त्यांच्यासाठी छापील असं काहीच भिंतीवर नसतं.

कायद्यानं हे कधीच नाकारलेलं नाही. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याच्या कलम 9 मध्ये स्पष्ट होतं, की कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे नियम, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, आत येण्याच्या दाराजवळ खास फलकावर लावायचे. फॅक्टरीज् अ‍ॅक्टच्या कलम 108 मध्येही सूचनांबद्दल हेच होतं. 'बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा' म्हणजे कुठल्या कारखान्यात कन्नड, कुठं मराठी, कुठं दोन्ही, आणि आता ओडिशा-बिहारची पोरं भरलेल्या फाउंड्रीत हिंदीसुद्धा. आणि राज्यघटनेचा अनुच्छेद 350 सांगतो की गाऱ्हाण्याचा अर्ज कुठल्याही अधिकाऱ्याकडं, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. तरी आमच्या माणसांच्या मनात बसलंय की मराठीत लिहिलेला अर्ज चालत नाही, म्हणून कितीतरी जण तुमच्या दारापर्यंत येतच नाहीत. 'अर्ज कन्नड किंवा मराठीत स्वीकारले जातील' अशी एक ओळ कार्यालयाच्या दारावर लिहिली तर हा समज जाईल.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगतो. मला निलंबित करून चौकशी लावली. आरोपपत्र इंग्रजीत, चौकशीचं कामकाज इंग्रजीत, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी पानापानावर सही मागायची. आमच्यातल्या एका जुन्या पॅटर्नमेकरनं आधीच कानात सांगून ठेवलं होतं, की सही नाकारू नकोस, पण सहीच्या वर मराठीत लिही. मी प्रत्येक पानावर लिहिलं, 'मजकूर मला समजलेला नाही, मराठी प्रत मागितली आहे, निषेधासह सही.' चौकशी अधिकाऱ्याला मराठी येत असूनही त्यानं त्याकडं लक्ष दिलं नाही. पुढं लेबर कोर्टात पहिला मुद्दा निघाला तो चौकशी नीट झाली का, आणि त्या एका ओळीवर सगळी चौकशी पडली. कंपनीला पुरावा नव्यानं द्यावा लागला, तो देता आला नाही. निकाल माझ्या बाजूनं लागल्यावर कंपनी धारवाडला गेली. तिथं केस चालू असेपर्यंत 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 17-ब खाली शेवटचा पगार दरमहा मिळत राहिला, त्यावर घर चाललं. माझ्याबरोबर काढलेल्या दुसऱ्याचा दोष माझ्याएवढाच होता, म्हणजे काहीच नव्हता. त्यानं मुकाट्यानं सह्या केल्या होत्या. त्याची चौकशी टिकली आणि तो परत आत गेला नाही.

त्या वेळी मी थेट लेबर कोर्टात जाऊ शकलो ते या राज्यामुळं, हे मुद्दाम नमूद करतो. एरवी बडतर्फ कामगाराला सरकारनं प्रकरण कोर्टाकडं पाठवण्याची वाट बघत बसावं लागे. कर्नाटकानं 1988 पासून त्याच कायद्याच्या कलम 10 मध्ये स्वतःची दुरुस्ती केली आणि सहा महिन्यांच्या आत कामगारानं स्वतः कोर्टात जावं अशी सोय दिली. केंद्राला हेच करायला 2010 साल उजाडलं. ज्या राज्याच्या कामगार खात्यानं देशाच्या 22 वर्षं आधी हा दरवाजा उघडला, त्याच्याकडं भिंतीवरच्या एका फलकाची मागणी मोठी वाटू नये.

आता घाई का, ते सांगतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि मुदती बदलल्या. आधी, केंद्राच्या 2010 च्या दुरुस्तीनुसार, कामावरून काढल्याच्या दाव्याला तीन वर्षं होती, औद्योगिक संबंध संहितेत ती दोन झाली. समेट अधिकाऱ्याकडं, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याकडं, अर्ज केल्यावर 45 दिवसांत निकाल लागला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, ते तसंच राहिलंय. पगाराच्या बाबतीत उलट झालंय. पगार दिला नाही, कापला, याचा दावा आधी 12 महिन्यांत करावा लागे, किमान वेतनाचा तर 6 महिन्यांत. वेतन संहितेत त्याला तीन वर्षं मिळाली आणि भरपाई बुडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचा सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही आता स्वच्छ लिहिलंय. म्हणजे जुन्या युनियनवाल्यानं, गावातल्या शिक्षकानं, माझ्यासारख्या निवृत्तानं जे पाठ केलं होतं ते सगळं चुकीचं ठरतंय. नोकरीला तीन आणि पगाराला एक म्हणणारा माणूस आता दोन्हीकडं चुकीचा सल्ला देईल. आणि दोन वर्षं आमच्याकडं कशी जातात ते बघा. 'साहेब बाहेरगावी गेलेत', 'ऑर्डर आली की घेतो परत', 'गणपती झाला की बघू', 'पाडव्याला ये'. माणूस आशेवर राहतो. शेवटी कंपनी म्हणते आम्ही काढलंच नव्हतं, तोच यायचा बंद झाला. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, गेटवर अडवलं की त्याच आठवड्यात स्पीड पोस्टानं पत्र टाका, 'मी कामावर यायला तयार आहे, मला आत घेतलं जात नाही.' तीन ओळी. मराठीत लिहिल्या तरी चालतात. पण हे माझ्या ओट्यावर आलेल्यांनाच कळतं. खात्याकडून कळलं तर उद्यमबाग, मच्छे, होनग्यातल्या प्रत्येकाला कळेल.

सीमेवर आणखी एक घोळ आहे. चंदगड तालुक्यातल्या खेड्यांतून पोरं रोज बेळगावात कामाला येतात, आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली माणसं शिनोळीच्या एमआयडीसीत जातात. घर एका राज्यात, गेट दुसऱ्या राज्यात. कोल्हापूरचा पाहुणा सल्ला देतो, की 90 दिवसांच्या आत कामगार न्यायालयात अनुचित प्रथेची तक्रार टाक. तो ज्या कायद्याबद्दल बोलतो तो महाराष्ट्राचा 1971 चा. शिनोळीसाठी केलेला सल्ला उद्यमबागेत चालत नाही, आणि उलटही. दावा कारखाना जिथं आहे तिथं चालतो, कामगार जिथं राहतो तिथं नाही, एवढी एक ओळ कुणीतरी अधिकारानं लिहून लावायला हवी. मी असे तरुण बघितलेत जे कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये फिरत मुदत घालवून बसले.

पुराव्याचं ओझंही कामगारावरच. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकच्याच वनखात्याच्या एका प्रकरणात सांगितलं, की कपातीच्या भरपाईसाठी लागणारे 12 महिन्यांतले 240 दिवस काम केलं हे कामगारानंच सिद्ध करायचं, नुसतं शपथपत्र पुरत नाही. 2005 साली पुन्हा कर्नाटकातल्याच एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात न्यायालयानं थोडा आधार दिला. रोजंदारीवाल्याला नेमणूकपत्र मिळतच नाही, तेव्हा त्यानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं आणि मालकाकडून हजेरीपट मागवावा, असं म्हटलं. ठेकेदाराच्या माणसाला आठ महिने भरत आले की ब्रेक मिळतो तो याच 240 साठी, हे उद्यमबागेत शेंबडं पोरही सांगेल. रविवार आणि पगारी सुट्ट्या त्या 240 मध्ये धरायच्या असतात हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. निपाणीकडं घरी विड्या वळणाऱ्या बायकांचा सगळा पुरावा म्हणजे विडी कामगाराचं ते एक कार्ड. 'नवीन करून देतो' म्हणून ते ठेकेदारानं नेलं की बाईनं विड्या वळल्या होत्या हे दाखवायला तिच्या बोटांशिवाय काही उरत नाही. पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, मोबाइलवर आलेला शिफ्टचा मेसेज, हे सगळं जपून ठेवा हे खात्यानं एकदा छापून सांगावं. संहितेत आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय. निरीक्षणाला जाताना साहेबांनी ऑफिसातली फाईल बघावीच, पण फेटलिंगमधल्या, कोअर शॉपमधल्या पाच जणांना बाजूला घेऊन 'तुझ्याकडं पत्र आहे का, दाखव' म्हणावं. फाईलमध्ये सगळ्यांची असतात.

आणि आता मुख्य मागणी, समेटाच्या टेबलाबद्दल. तिथं कायद्यानं वकील उभा करता येत नाही. हेतू चांगला आहे, प्रकरण सोपं राहावं. पण कंपनीकडून येतो तो एचआरचा माणूस, तो कायदा शिकलेला, इंग्रजीत मसुदा करून आणणारा. समोर एकटा कामगार. त्या खोलीत कामगाराच्या बाजूचं वाचणारं कुणी असेल तर ते फक्त समेट अधिकारी. आपल्यासमोर सही झालेला समझोता पुढं मोडणं जवळपास अशक्य असतं, म्हणून तिथली सही कारखान्यातल्या सहीहूनही भारी. म्हणून असा आदेश काढावा, की समझोता, राजीनामा किंवा 'फुल अँड फायनल'चा कागद अधिकाऱ्यापुढं आला तर त्यानं तो कामगाराला समजणाऱ्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवावा, ग्रॅच्युइटी किती, कपातीची भरपाई किती, नोटिशीचा पगार किती, थकलेला पगार किती हे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत, आणि वाचून दाखवलं अशी नोंद करून मगच सही घ्यावी. एकच गोळा रक्कम लिहिलेला कागद परत पाठवावा. प्रत कामगाराच्या हातात त्याच दिवशी द्यावी. याला नवा कायदा लागत नाही, पैसे लागत नाहीत. बेळगावात मराठी न बोलता येणारा अधिकारी क्वचितच असतो. तोंडी समजावून सांगणारे, चहा पाजून धीर देणारे अधिकारी मी बघितलेत, त्यांचे उपकार मानतो. पण ते त्या माणसाच्या चांगुलपणावर राहू नये, बदली झाली की संपू नये.

कारखानदारांविषयीही बोललं पाहिजे. बेळगावच्या छोट्या फाउंड्र्या कुणाच्या जिवावर चालतात ते आम्हाला कळतं. मोठ्या गाडी कंपन्यांची ऑर्डर थांबली, बिलं महिनोन्‌महिने अडकली, विजेचं बिल अंगावर आलं की मालकाचीही झोप उडते. धंदा बसला तर बसला म्हणावं, कायद्यात कपातीची आणि बंद करण्याची सरळ वाट आहे. नव्या संहितेत तर कपात झालेल्यासाठी मालकानं आणखी 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा, अशीही सोय आहे. पैसे एकदम नसतील तर हप्ते मागावेत. आमची माणसं हप्त्यांना तयार होतात. खोटा राजीनामा घेतलेल्याला माफ करत नाहीत.

कोर्टाची पायरी चढायला खर्च येतो म्हणून मागं फिरणाऱ्यांसाठी एक वाट आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, बायकांनाही मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा किंवा 15100 वर फोन करायचा. मी आलेल्या प्रत्येकाला हा नंबर लिहून देतो, आणि बहुतेकांनी तो पहिल्यांदाच ऐकलेला असतो. लेबर ऑफिसात अर्ज घेताना मिळणाऱ्या पोचपावतीच्या मागं तो छापावा, कन्नडमध्ये आणि मराठीत, त्याखाली दोन वर्षं आणि तीन वर्षं या दोन मुदतीही छापाव्यात.

राज्याचे नियम करताना जुन्या कलम 9 मधला 'कामगारांना समजणारी भाषा' हा शब्द गाळू नये, ही शेवटची विनंती. फलकांचा आणि पावतीमागच्या मजकुराचा मराठी मसुदा आम्ही तीन-चार निवृत्त कामगार बसून करून देतो, मोबदला नको. तो तपासावा, चूक असेल तर दुरुस्त करावी, खात्याचा शिक्का मारावा आणि उद्यमबाग, मच्छे, होनगा, खानापूर, निपाणी इथल्या कारखान्यांना गेटवर लावायला सांगावं. या पत्राचं उत्तर कन्नडमध्ये दिलंत तरी चालेल. मी वाचू शकतो, आणि ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टर्नर, बेळगाव